अंतरपाटाचं टोक

उंच माणसाला लग्नात जेवण उशिरा मिळतं. ऐन मुहूर्ताला एकटेच आलेले गुरुजी मान उंचावून हॉलभर नजर फिरवतात, ती फिरत फिरत माझ्यावर येते आणि तिथेच थांबते. "अहो तुम्ही, हो, तुम्हीच. या, एवढं टोक धरा." मग शेवटच्या अक्षता पडून वाजंत्री सुरू होईपर्यंत सुटका नाही, आणि तोवर बुफेची रांग दारापर्यंत गेलेली असते. भाच्या-पुतण्यांच्या, शेजाऱ्यांच्या, ऑफिसातल्यांच्या मुलामुलींच्या किती लग्नांत मी असा अंतरपाटाच्या टोकाला उभा राहिलो असेन, कोण जाणे. पण तक्रार नाही. त्या जागेवरून जे दिसतं ते पहिल्या रांगेतल्या आत्याबाईंनाही दिसत नाही.

एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवरी, मधे हे कापड. मुंडावळ्यांचे मोती नवऱ्याच्या डोळ्यांत जात असतात आणि हातात हार असल्यामुळे त्याला ते बाजूला करता येत नाहीत. नवरी हिरव्या चुड्याच्या बांगड्या कोपराकडे सारते, त्या पुन्हा मनगटावर येतात. तिच्या पाठीशी मामा, घामाघूम. काही घरांत मुलीच्या आईने लग्न लागताना बघायचं नसतं, ती तेवढा वेळ तुळशीला पाणी घालत उभी राहते. आता आया स्टेजवर असतात, पण बघा, ऐन वेळी त्या मुलीकडे पाहत नाहीत. अक्षतांच्या ताटाकडे पाहतात, नाहीतर फोटोग्राफरला काहीतरी सांगत असतात.

कापडाचंही बघण्यासारखं. पूर्वी गुरुजींच्या पिशवीतून नवं उपरणं निघायचं, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं की झाला अंतरपाट. आता सॅटिनचा, जरीकाठाचा, दोघांची नावं भरतकामात काढलेला तयार मिळतो. गुळगुळीत असल्यामुळे बोटांतून निसटतो. आणि मंगलाष्टकं आठावर थांबत नाहीत. आत्या, मावशी, मुलाची काकू, प्रत्येकीने सगळ्या नातेवाइकांची नावं गुंफून स्वतःचं एकेक कडवं रचलेलं असतं, ते म्हणून झाल्याशिवाय कापड खाली घेता येत नाही. हात भरून येतात. मागे मोठ्या एलईडी पडद्यावर त्याच दोघांचं प्री-वेडिंग शूट चाललेलं असतं: अलिबागच्या किनाऱ्यावर तो तिला उचलून गरगर फिरवतोय. पडद्यावर मिठी आणि पडद्यापुढे अंतरपाट, आणि यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. उलट माझ्या हातातलं टोक जरा खाली आलं की समोरून चार बायका एकदम ओरडतात, "वर, वर धरा!" तो ओरडा खोटा नसतो. त्यात खरी धास्ती असते.

कशाची, ते मी कधी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर "पद्धत आहे" एवढंच उत्तर मिळालं असतं, आणि ते पुरेसं आहे. पण टोक धरून उभं राहिल्यावर डोक्यात काहीतरी चालूच राहतं. सावधान म्हटल्यावर मांडवातून निघून गेलेल्या समर्थांची गोष्ट प्रत्येक लग्नात कुणीतरी नवऱ्याच्या कानाशी सांगतोच. सगळे हसतात. त्या एका शब्दाला मांडव अजून किंचित बिचकून असतो, म्हणून ते हसू जरा मोठं येतं.

मुहूर्ताचं असंच. घड्याळं नव्हती तेव्हा लग्नघरी घटिकापात्र मांडत. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची वाटी सोडायची, वाटीच्या बुडाला बारीकसं भोक. पाणी आत झिरपत झिरपत वाटी बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. पुन्हा वाटी रिकामी करायची, पुन्हा सोडायची. त्या वाटीपाशी एक माणूस बसवलेला असे आणि त्याने डोळा लागू द्यायचा नसे. आता पत्रिकेवर "१२ वाजून ३७ मिनिटे" असं छापतात, आणि लग्न लागतं दीडच्या सुमाराला, कारण नवरीचा मेकअप, ट्रॅफिक, नेत्यांची वाट पाहणं. उशीर झाला याचं कुणाला काही वाटत नाही. पण पत्रिकेवर साडेबारा छापा म्हटलं तर छापणार नाहीत. ती वरची सात मिनिटं हवीत. त्या सात मिनिटांत ग्रहांना दिलेला मान आहे, मग पुढे आपण आपल्या सोयीने वागायला मोकळे.

तिथीवारांशी माणसांनी असा समजुतीचा व्यवहार सगळीकडेच केलेला दिसतो. जुन्या रोमात मे महिना लग्नाला वर्ज्य होता, कारण त्या महिन्यात घरात फिरणाऱ्या मृतात्म्यांना शांत करायचे दिवस येत. आपला पितृपक्षच म्हणा. जपानी पंचांगात सहा दिवसांचं एक चक्र फिरत असतं, त्यातला एक दिवस बुद्धाच्या निर्वाणाच्या नावाचा. त्या दिवशी लग्न नको म्हणतात, म्हणून हॉलवाले तोच दिवस स्वस्तात देतात आणि हिशेबी जोडपी तो आनंदाने घेतात. आपल्याकडे गुरू सिंहेत गेला की सिंहस्थ, वर्षभर लग्नं नकोत. चातुर्मास आहेच, तुळशीचं लग्न लागेपर्यंत माणसांची थांबलेली. पण मुलाची अमेरिकेची रजाच श्रावणात असेल तर? पंचांगवाल्यांनी त्याचीही सोय केली आहे, काढीव मुहूर्त मिळतात. नियम इतका कडक आणि पळवाट इतकी रुंद, हे मला फार आवडतं. त्यात लबाडी असेल थोडी, पण समजूतदारपणा जास्त आहे.

ऑफिसातल्या एका पारशी मित्राच्या लग्नाला मुंबईतल्या एका बागेत गेलो होतो. पारशांची लग्नं दिवेलागणीला लागतात. इराणातून संजाणला उतरलेल्या त्यांच्या पूर्वजांना तिथल्या राजाने ज्या अटी घातल्या, त्यांत लग्नं संध्याकाळी लावायची ही एक होती, असं त्यांचा 'किस्सा-ए-संजाण' सांगतो. फुलांचे हार, पांढरे डगले, गारा साड्या, आतून येणारा पात्रानी मच्छीचा वास. मी खुर्चीत सैलावून बसलो होतो. एवढ्यात समोर नवरानवरीला समोरासमोर बसवलं आणि दोन माणसांनी मधे पांढरं कापड धरलं. मी नकळत सावरून बसलो. वाटलं, आता इथेही हाक येणार.

त्याला ते 'आरा अंतर' म्हणतात. कापडाखालून दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात, भोवती सुताचे सात वेढे घेतात. धुपाचा वास येतो. दोघांच्या डाव्या मुठीत तांदूळ असतात. कापड खाली पडलं की क्षणाचा विलंब न लावता ते एकमेकांच्या अंगावर फेकायचे, आणि ज्याचे तांदूळ आधी पडतील त्याचं घरात चालणार. नवरीच्या मैत्रिणी मागे उभ्या राहून तिला हळूच सूचना देत होत्या, क्रिकेटच्या कोचने द्याव्यात तशा. कापड पडलं, तिचे तांदूळ त्याच्या चष्म्यावर ताडकन आपटले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. नवऱ्याचे वडील सगळ्यांत जास्त हसत होते.

हा खेळ कुठे नाही? रशियात नवदांपत्यापुढे सजवलेला गोल पाव धरतात, दोघांनी एकाच वेळी हात न लावता चावा घ्यायचा, ज्याचा घास मोठा त्याचं राज्य. आपल्याकडे हळदीच्या पाण्यातली अंगठी शोधायची, मुठीतली सुपारी सोडवायची. आजूबाजूला दोन्ही पक्ष आरडाओरडा करतात, आणि बहुतेक वेळा नवरीलाच जिंकू देतात. पाच मिनिटांचं राज्य द्यायला कुणाचं काय जातं? त्या टाळ्यांत मी दरवेळी सामील होतो आणि दरवेळी मनात येतं, की पुढे घरखर्चाचे पैसे कुणाच्या हातात राहणार हे काही त्या परातीत ठरत नाही.

पडद्याची उलटी तऱ्हा ज्यूंकडे आहे. बायबलातला याकोब राहेलसाठी मामाच्या घरी सात वर्षं राबला. लग्न झालं, रात्र सरली, आणि उजाडल्यावर पाहतो तर बुरख्याखाली राहेल नव्हती, तिची थोरली बहीण लेआ होती. मामा म्हणाला, आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटीचं करत नाहीत. म्हणून आजही कित्येक ज्यू लग्नांत नवरा आधी नवरीजवळ येतो, तिचा चेहरा नीट न्याहाळतो आणि मग स्वतःच्या हाताने तिच्या तोंडावरून पडदा खाली सोडतो. आपण मुहूर्तापर्यंत बघू देत नाही. ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. या गोष्टीत मला नेहमी लेआची आठवण राहते. पहाटे त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटलं असेल ते तिने पाहिलं असणार. तिच्यासाठी कोणताही विधी झाला नाही.

ज्यू म्हटल्यावर आपल्याला लांब जायला नको. अलिबाग-पेणच्या पट्ट्यात बेने इस्रायल शतकानुशतकं राहिले, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. घरात मराठी बोलत. आता बरेचसे इस्रायलला डिमोना, लोद अशा गावांत जाऊन राहिले, पण लग्नाच्या आधी मेंदी अजून होते आणि एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदाही होतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोड, त्यावर फळांचे तुकडे. गळ्यात मंगळसूत्र. आणि शेवटी नवरा काचेचा पेला फोडतो, जेरुसलेमच्या उद्ध्वस्त मंदिराची आठवण म्हणून. पोहे आणि खोबऱ्याच्या वासात फुटणारी ती काच मी पाहिलेली नाही, पण पाहायला आवडेल.

त्या फोडण्यामागे मंदिराच्या आठवणीखेरीज आणखी काहीतरी आहे असं तालमुदातल्या एका गोष्टीवरून वाटतं. एक धर्मगुरू मुलाच्या लग्नात पाहतो, पंडित मंडळी फारच रंगात आली आहेत. तो ४०० झूझ किमतीचा पेला मागवतो आणि सगळ्यांसमोर फोडतो. मंडळी एकदम भानावर येतात. भर लग्नात, यजमानानेच! आनंद उतू चालला की एखाद्याच्या पोटात गोळा येतो, आता काहीतरी होणार म्हणून. मग जे व्हायचं ते छोटंसं, ठरवून, आपल्याच हाताने करून टाकायचं. जर्मनीत लग्नाच्या आधीच्या संध्याकाळी नातेवाईक आणि शेजारीपाजारी चिनी मातीच्या बशा, कप, फुलदाण्या घेऊन येतात आणि दारात आपटून फोडतात. आवाजाने पीडा पळते म्हणे. नंतर तो सगळा खच नवरानवरीने मिळून झाडायचा. ही त्यातली सगळ्यांत शहाणी गोष्ट. आमच्या नवरदेवाच्या हातातली कट्यार, तिच्या टोकाला खोचलेलं लिंबू, गालावरची काळी तीट, हळद लागल्यावर उंबऱ्याबाहेर पडायचं नाही ही ताकीद, सगळं त्याच पोटातल्या गोळ्यासाठी. कट्यार हल्ली भाड्याने मिळते. लिंबू मात्र ताजं लागतं, आणि वरात निघताना ते हटकून गडगडत गाडीच्या सीटखाली जातं.

हळदीवरून गोव्याची गोष्ट सांगायला हवी. तिकडच्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी रोस होतो. नारळ खवून, वाटून त्याचा दाट रस काढतात. नवरी आपल्या घरी, नवरा आपल्या घरी, अंगणात नाहीतर न्हाणीघरात पाटावर बसतात आणि आधी आई-वडील, मग घरातली वडीलधारी, मग सगळं गणगोत त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर, हातापायांवर तो रस ओतून चोळतं. आधी हळूच, मानाने. मग चुलत-मावस भावंडांची पाळी येते आणि सगळं ताळतंत्र सुटतं. म्हाताऱ्या बायका ओव्यांच्या चालीची गाणी म्हणतात, त्यांत येशू-मरियाही असतात आणि वाटणाऱ्या-ओतणाऱ्या बायकांची थट्टाही असते. केसांतून खोबऱ्याचा चव निघता निघत नाही. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पांढरा झगा, ऑर्गन, अंगठ्या. मित्राच्या बहिणीच्या रोसाला मी मागे उभा होतो, तरी शर्टावर नारळाचे डाग घेऊनच परतलो.

या रोसावर बंदी होती. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर, गोव्यात इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाचा अंमल होता, आणि १७३६ साली त्या न्यायालयाने एक लांबलचक हुकूम काढला. अनंत काकबा प्रियोळकरांच्या इन्क्विझिशनवरच्या ग्रंथात तो सापडतो. मी तो वाचला तेव्हा आधी अंगावर काटा आला आणि मग हळूहळू वेगळंच काहीतरी वाटायला लागलं. लग्नात विड्याची पानं, सुपारी, फुलं पाठवू नयेत. नवरानवरीला वाटलेली हळद, नारळाचं तेल, तांदळाचं पीठ यांनी माखू नये. त्या वेळी ओव्या म्हणू नयेत. एतद्देशीय वाद्यं वाजवू नयेत. घरात तुळस लावू नये. हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवू नये. बिनमिठाचा भात! म्हणजे कुणीतरी त्या लग्नघरांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचून भात चाखला होता. दुष्ट बारकाईने लिहिलेली ती यादी आज वाचताना त्या काळच्या लग्नांचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. ज्यांना हे सगळं पुसून टाकायचं होतं त्यांनीच ते जपून लिहून ठेवलं. आणि तिकडे लोकांनी काय केलं? देव बदलला, भाषेत पोर्तुगीज शब्द आले, वाजंत्रीचा बँड झाला, पण मुलीच्या डोक्यावर खोबऱ्याचा रस ओतायचा तो ओतलाच. वसईकडच्या ख्रिस्ती गावांत लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणतात, तेही असंच तगून राहिलेलं.

इथवर सगळं गोड आहे. रूढी किती चिवट, माणसं किती हुशार, असं म्हणून मला इथे थांबता आलं असतं. पण त्याच गोव्याच्या लग्नात नवरीच्या हातात चुडो भरतात. कासार येतो, हिरव्या-पिवळ्या-लाल काचेच्या बांगड्या एकेक करून चढवतो, बायका भोवती बसून मुलीच्या हाताचं कौतुक करतात. आणि नवरा गेला की तोच चुडो त्याच्या शवपेटीवर फोडायची चाल होती. हुकूम काढणाऱ्यांना न जुमानता रोस जसा टिकला, तसं हेही टिकलं. चिवटपणा सगळ्यालाच सारखा लागू पडतो, त्याला बरंवाईट कळत नाही.

आणि या सगळ्या धास्तीचं ओझं शेवटी कुणाच्या डोक्यावर जातं ते पाहिलं की माझ्या हातातलं ते सॅटिन जड लागायला लागतं. मुलगी मूळ नक्षत्रावर जन्मली तर सासऱ्याला वाईट, आश्लेषा असेल तर सासूला, ज्येष्ठा असेल तर थोरल्या दिराला, विशाखा असेल तर धाकट्या दिराला. सासरच्या प्रत्येक माणसासाठी एकेक नक्षत्र राखून ठेवलेलं, आणि ते सगळं तिच्या पदरात. मंगळ असला तर तिचं आधी मडक्याशी लग्न लावायचं, मग माणसाशी. पुरुषांसाठीही एक तोड आहे बरं का: तिसरं लग्न अशुभ, म्हणून दोन बायका गेलेल्या विधुराने आधी रुईच्या झाडाशी लग्न लावावं. रुई तिसरी, मग जी येईल ती चौथी, म्हणजे शुभ. पुरुषाचं लग्न तिसऱ्यांदा कसं साधेल याची एवढी काळजी करणाऱ्यांनी, नऊ वर्षांच्या विधवेचं दुसरं कसं होईल यासाठी मात्र एखाद्या झाडाचा पाला सुचवला नाही.

हे सगळं सोडून द्या म्हणणारेही इथलेच. सत्यशोधक समाज निघाला त्याच वर्षी, २५ डिसेंबर १८७३ ला, पुण्यात भटजींवाचून पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, आणि त्यात सावित्रीबाईंचा पुढाकार होता. पुढे जोतीरावांनी मंगलाष्टकं स्वतः लिहिली. त्यांत नवरी मुकाट उभी नाही; ती नवऱ्याकडे बायकांच्या हक्कांचं वचन मागते आणि तो ते देतो. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: जोतीरावांनी मंगलाष्टकं काढून टाकली नाहीत, त्यांतले शब्द बदलले. गाणं हवं, चार माणसं हवीत, एवढं त्यांना माहीत होतं.

माझी काकू कुरुंदवाडला असते. काका जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्या घराण्यातल्या कुठल्याही लग्नाची हळद काकूच निवडते. सांगलीची पेठ तिला पाठ आहे. दुकानात बसून ती हळकुंड हातात घेते, कटकन मोडते, आतला रंग उजेडाकडे धरून बघते, वास घेते, आणि "हे नको, पुढचं पोतं दाखवा" म्हणते. दुकानदार तिच्याशी घासाघीस करत नाही. ती हळकुंडं लग्नघरी पोचवते, निवडते, जात्याला आंब्याची डहाळी बांधायची आठवण करून देते. आणि पाच सवाष्णी जात्याशी बसल्या की ही स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवते. तिला कुणी "जा" म्हणत नाही. म्हणायची वेळ ती येऊच देत नाही.

आता पुतणीचं लग्न ठरलंय. रजिस्टर पद्धतीने, गुरुजी नाहीत, म्हणजे अंतरपाट नाही आणि मी जेवायला पहिल्या पंगतीत. पण हळद हवी, ती तिला आवडते. फोटो छान येतात हेही खरं. तिची अट एकच: पहिलं बोट काकूआजीचं. हे ऐकून काकू जी बिघडली ती बिघडलीच. "माझ्या हाताला काय सोनं लागलंय? सवाष्णींना लावू देत, मागाहून मी लावते की." पुतणी म्हणाली, मग राहू दे, हळदच नको मला. तेव्हा काकू आणखी चिडली. "हळदीशिवाय लग्न? पोरीला वेड लागलंय का?" ज्या रीतीने आपल्याला उठवून चुलीपाशी धाडलं तिची बाजू काकू इतक्या तळमळीने मांडत होती की पुतणीला पुढे काही बोलताच येईना.

कुरुंदवाडच्या जवळच हेरवाड आहे. मे २०२२ मध्ये त्या गावाच्या ग्रामसभेने ठराव केला, की यापुढे नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. तेव्हा पेपरात मोठमोठे मथळे आले होते आणि काकूने ते वाचून, काही न बोलता, पेपर रद्दीत टाकला होता.

परवा तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, सांगलीच्या हळदीचे भाव झाले. मग म्हणाली, "काय रे, त्या हेरवाडच्या बायका आता हळदीला बसतात का? तुझ्या पेपरातल्या ओळखी असतात, विचारून सांगशील?"

मी म्हटलं, "काकू, गाव तुझ्या दारात आहे. तूच जाऊन विचार की."

"मी कशाला जाऊ विचारायला?" असं म्हणून ती जरा थांबली. "तशी माझी एक मैत्रीण दिलीय म्हणा तिथं. बरेच दिवसांत गेले नाही तिच्याकडं."